आत माणूस असताना

कळस गावाजवळ माझी गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळली आणि पाय आत अडकले. अग्निशमन दलाच्या गाडीतून उतरलेल्या पन्नाशीच्या माणसानं पत्रा कापायचं नवंकोरं यंत्र पुढे आणलं.

मी घाबरून विचारलं, "आधी चालवलंय का हे?"

"भंगारातल्या जीपवर चालवलंय. आत माणूस असताना आजच," तो म्हणाला. "म्हणून सावकाश कापतो. भ्याव वाटलं की वरडा, मी थांबतो."

तो खोटं बोलला असता तर बरं, असं वाटलं.

पत्रा कडाडला. मी दोनदा ओरडलो. दोन्ही वेळा तो थांबला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हाय मी हितं."

अखेर पाय सुटले. स्ट्रेचरवरून मी मागे पाहिलं. तो रस्त्याकडेला बसला होता. सोबती त्याला पाणी पाजत होता, कारण त्याला स्वतःला बाटली धरवत नव्हती.