ताई देव मानतात का?

टेम्पो कितीही धुवा, हौद्याच्या कोपऱ्यात मूठभर माती राहतेच. आमच्या फेऱ्यांचे किस्से तसेच साठलेत. मंडळी म्हणाली, "तात्या, आता सांगून टाका," म्हणून सांगतो. शाळा मी फारशी पाहिली नाही, वाचायला एसटीच्या पाट्यांवर शिकलो. तेव्हा सांगणं जरा सावकाश होईल.

आधी या टेम्पोतून मी चिरे वाहायचो. आता तीन माणसं वाहतो. एक कुंदाताई, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. दुसरे बापट सर, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. तिसरे इस्माईलभाई, माईक आणि कर्णा त्यांचा. काम एकच. गावोगाव जाऊन सांगायचं, की फुरसं चावलं, घोणस चावली, कुठलाही साप चावला, तर माणसाला देवळात बसवून ठेवू नका, लगेच आरोग्य केंद्रात न्या.

ताईंच्या मनात एक गाव होतं. राजापूरच्या अलीकडचं, कातळावरचं. तिथली एक तरुण बाई फुरसं चावल्यावर अंगारा लावून देवळात बसवून ठेवली होती. दवाखान्यात आणली तेव्हा उशीर झालेला. ताई तेव्हा ड्यूटीवर होत्या. त्या गावात गुरव बोलेल ते गाव करतं. त्या गुरवाला पटवायचं, एवढं एकच ताईंनी मनावर घेतलं होतं.

पण कुठेही जा, लोक सापाचं नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "बाई, तुमी देव मानता काय?"

*

पहिल्यांदा हे विचारलं एका आजीने. ताई म्हणाल्या, "आजी, मी सापाचं सांगायला आलेय."

"ता कळला गो. पण देव मानत असशील तर दवाखान्यात कशाला धाडतेस? नि मानत नसशील तर देवळाच्या अंगणात कशाला उभी?"

ताईंनी माईक खाली धरला. बापट सरांना गप्प बसवत नाही. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "मी सांगतो. मी देव मानत नाही. उघड सांगतो."

आजीने त्यांना खालून वर न्याहाळलं.

"पोरंबाळं बरी हायत?"

"हो, छान आहेत."

"तब्येत?"

"ठणठणीत."

"मग तुमी मानू नका," आजी म्हणाली, "तो मानतो तुमाला."

*

दुसऱ्या गावात तोच प्रश्न इस्माईलभाईंना आला. भाई म्हणाले, "मानतो तर. दिवसातून पाच वेळा."

मागून एक जण म्हणाला, "मग साप चावल्यावर तुमच्यात दुवा करत नाहीत काय?"

"करतात की."

"मग आमच्या अंगाऱ्याला का नावं ठेवता?"

"नावं कोण ठेवतंय? अंगारा लावा, दुवा करा. फक्त गाडीत बसून करा. चालत्या गाडीतून वर ऐकू जात नाही, असं तुमच्यात आहे काय?"

मग तोच माणूस म्हणाला, "आमच्या रस्त्यावरून गाडी गेली तर आपोआपच देव आठवतो."

*

त्या दिवशी परतताना घाटात सर आणि ताईंचं चांगलंच जुंपलं.

सर म्हणाले, "ताई, लोकांसमोर उभं राहायचं तर आपण आतून कोण आहोत ते दाखवायला हवं. लपवणं म्हणजे फसवणंच."

"मी लपवत नाही. सांगत नाही, एवढंच. सगळी नोकरी इंजेक्शनं दिली, एका पेशंटने विचारलं नाही, सिस्टर, देव मानता का."

"तेव्हा तुम्ही औषध देत होता. आता त्यांच्याकडे विश्वास मागताय. ज्याच्याकडे विश्वास मागायचा, त्याला आपलं नाव-गाव कळायला नको?"

"नाव-गाव सांगते की. देव हे काय नाव-गाव आहे?"

"त्यांच्यासाठी आहे."

ताई म्हणाल्या, "मी हो म्हटलं तर ते माझं ऐकणार देवामुळे. नाही म्हटलं तर ऐकणार नाहीत, तेही देवामुळे. सापाचं ऐकणार कोण?"

मला दोघांचंही पटत होतं. माझं असंच होतं. तेवढ्यात सरांनी विचारलं, "तात्या, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "ब्रेक एकदा दाखवून घ्यायला पाहिजेत."

दोघंही एकदम गप्प झाले ते घाट उतरेपर्यंत.

*

माणूस सांगत नाही म्हटल्यावर लोक स्वतःच ठरवतात. एका गावात ऐकलं, ताई सोमवार करतात. दुसऱ्या गावात, ताईंनी धर्म बदललाय. तिसऱ्या गावात तर ताईंच्या स्वप्नात नाग आला होता आणि त्यानेच हे काम सांगितलं होतं. तिथे सभेला जागा पुरली नाही.

सर म्हणाले, "बघा, तुम्ही बोलत नाही त्याचा परिणाम."

भाई म्हणाले, "सर, पुढच्या गावातपण नागालाच पाठवूया काय?"

*

नागपंचमीला एका वाडीतल्या बायकांनी ताईंना मुद्दाम बोलावलं. पाटावर नाग काढलेला, लाह्या, दूध, हळदीच्या पानातल्या पातोळ्या. सगळ्यांचे डोळे ताईंच्या हातांकडे. आता नमस्कार करतात की नाही?

ताई बसल्या, पातोळी घेतली, वास घेतला, आवडीने खाल्ली. दुसरी मागितली.

एक जण धीर करून म्हणाली, "ताई, हात नाय जोडलेत?"

"कुठल्या हाताने जोडू? दोन्ही हातांत पातोळ्या आहेत."

बायका अशा हसल्या की पूजा बाजूलाच राहिली. मग हळूच एकीने विचारलं, पातेऱ्याच्या, वाळक्या पानांच्या ढिगात हात घालताना काय करायचं? दुसरीने विचारलं, चावल्यावर वर दोरी बांधायची का? ताईंनी सांगितलं, बांधायची नाही, कापायचंही नाही, हातपाय हलवू न देता लवकर न्यायचं. दिवस कलेपर्यंत सापाचंच बोलणं झालं.

*

भातकापणी झाली आणि आम्ही शेवटी त्या कातळावरच्या गावात गेलो. गुरवकाका देवळाच्या पायरीवर बसले होते. माणूस वाईट नाही. ती बाई गेली तेव्हापासून नीट जेवत नाहीत, असं गावात सांगितलं.

काकांनी सरळ विचारलं, "बाय, तू देव मानतेस काय?"

सर मागून कुजबुजले, "ताई, आता तरी सांगा."

"काका," ताई म्हणाल्या, "ते माझं आहे. सापाचं मात्र सगळ्यांचं आहे. ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टेम्पो उभा आहे."

काकांनी आधी टेम्पोकडे बघितलं. मग म्हणाले, "मला नाय सांगितलंस तर मी तुझ्यावर भरवसा कसा ठेवू?"

"माझ्यावर नकाच ठेवू. बघून ठेवा."

काका उठले, देवाला सांगून आले आणि माझ्या शेजारी बसले.

आरोग्य केंद्रात फ्रीजमधल्या सापाच्या विषावरच्या लसीच्या बाटल्या बघितल्या. एका खाटेवर बागेतला राखणदार होता, आदल्या दिवशी फुरसं चावलेला. पाय सुजलेला, पण बसून पेज पीत होता. काका त्याच्याकडे बघतच राहिले. मग तरुण डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, तुमी देव मानता काय?"

डॉक्टर दुसऱ्या पेशंटला सलाईन लावत होते. "काका, याचा हात जरा घट्ट धरा. हलू देऊ नका."

काकांनी धरला. सुई लागली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

येताना काका टेम्पोत एकच वाक्य बोलले. "उत्तर द्यायचं विसरला तो."

*

शिमग्याला काकांनी आम्हाला सगळ्यांना बोलावणं धाडलं. बापट सरांना खास निरोप, "मानू नका, पण या."

पालखी सहाणेवर, तिच्या चौथऱ्यावर, बसलेली. मुंबईवाले चाकरमानी आलेले, उभं राहायला जागा नाही. मी ताईंच्या शेजारी, सर आमच्या मागे. इस्माईलभाई गावकऱ्यांचा बिघडलेला कर्णा दुरुस्त करून बाजूला उभे. काकांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. काका एकेक मागणं घालणार आणि गाव एका आवाजात होकार देणार.

"बा देवा महाराजा, आंब्याचा मोहर गळू देव नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"मुंबईच्या पोरांची नोकरी सांभाळ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

काका थांबले. फुरसं चावून गेलेल्या त्या बाईचा नवरा समोरच उभा होता, कडेवर पोर घेऊन.

"आणि महाराजा, कातळावर कुणाला फुरसं डसलं, तर तुझ्या पायाशी न थांबता आधी गाडीत बसायची बुद्धी दे. मी गाडीत गाऱ्हाणं घालीन, तू तिथं ऐकून घे रे महाराजा!"

क्षणभर कुणालाच कळेना. मग तो नवरा म्हणाला, एकटाच, "व्हय महाराजा." आणि मागोमाग सगळं गाव.

माना मात्र सगळ्यांच्या ताईंकडे वळल्या. ताई म्हणतात काय, ओठ हलतात काय. पदर डोळ्यांना होता, तोंडही त्यातच झाकलेलं, दिसलं काहीच नाही.

परतताना ताई आणि भाई मागे झोपले. सर माझ्या शेजारी चुळबुळत होते. घाट लागला तसे हळूच म्हणाले,

"तात्या, तुम्ही अगदी शेजारी होता. खरं सांगा, ताई 'व्हय महाराजा' म्हणाल्या का?"

मी गिअर बदलला. म्हटलं, "काय सांगू सर. तुम्हीच एवढ्या मोठ्याने म्हणालात, की मला दुसरं काही ऐकूच आलं नाही."