एक दाबलं की आई

आईचा आवाज आमच्याकडे एकाच कॅसेटमध्ये होता. चुलतबहिणीच्या हळदीला कुणीतरी बायकांच्या मधोमध टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्यात सगळ्या गाताहेत आणि सगळ्यांच्या वर आईचा आवाज. मधेच गाणं तोडून ती ओरडते, ‘भात बघ गो कुनीतरी, लागंल खाली!’ आणि पुन्हा सूर धरते. ती गेल्यावर बाबा ही कॅसेट जीपमध्ये लावायचे. दिवसभर महाड–पोलादपूर प्रवासी वाहायचे आणि रिकाम्या जीपने डोंगरावरच्या वाडीत परत येताना आईला ऐकायचं. भाताची ती ओरड आली की ते दर वेळी हसायचे.

पण आमच्याकडची हवा दमट. कॅसेटला बुरशी धरली, आवाज घोगरा होत चालला. मी तेव्हा महाडच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. त्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरलं आणि दुकानातले निम्मे कॉम्प्युटर चिखलात गेले. मालक वैतागून म्हणाले, ‘हवं ते ने रे, मी भंगारातच घालणार आहे.’ मी ब्रशने चिखल काढला, सगळं वाळवलं आणि जे चालेल ते वेगळं केलं. आईचा आवाज भरून बाबांच्या जीपमध्ये कॉम्प्युटर बसवायचं तेव्हाच डोक्यात शिरलं. घरी बसवून उपयोग नव्हता. भारनियमन इतकं की वीज आली की शेजारी एकमेकांना हाक मारून सांगत. जीपला निदान बॅटरी होती.

लोकांनी मला वेड्यात काढलं. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांत तेव्हा छोटे टीव्ही दिसायला लागले होते, पण ते आमच्या ऐपतीबाहेरचे. मी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात मदरबोर्ड बसवला. खड्ड्यांत हार्ड डिस्क दगावू नये म्हणून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली. बॅटरीवर चालवायला छोटा इन्व्हर्टर जोडला. इंजिनाच्या धगीने डबा तापायचा, म्हणून झाकण कापून वर जाळी लावली. माऊस काही बाबांच्या हाताला मानवेना, तेव्हा नुसत्या आकड्यांचा कीबोर्ड दिला. एक दाबलं की आई, दोन दाबलं की भजनं. दोन त्यांनी कधी दाबलंच नाही.

आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून घेताना मी कॅसेट शेवटची वाजवली. वाजता वाजता फितीवरचा तपकिरी थर भुकटी होऊन पडत होता. शेवटचं गाणं संपलं आणि फीत तुटली. आता आई फक्त त्या डब्यात होती. सीडीवर एक प्रत काढायची होती, पण दुकानातला सीडी रायटर पुरातच गेला होता आणि नवा दिवाळीला येणार होता.

दिवाळीच्या आधी दसरा येतो.

बाबांनी जीप धुतली, झेंडूची माळ घातली. कोयता, फावडं, जॅक, पाने असं सगळं पुढे मांडून हळदकुंकू वाहिलं. आईचं गाणं चालू होतं. मग त्यांनी चाकापुढे नारळ वाढवला. आमच्यात नारळ फोडला म्हणायचं नाही, वाढवला म्हणायचं. त्या दिवशी काय वाढलं ते देवालाच ठाऊक. मी चाकांखाली लिंबं ठेवत होतो. वर बघतो तर बाबा पाण्याने भरलेलं नारळाचं भकल घेऊन डब्यावर वाकलेले.

‘बाबा, नको!’

‘नको काय? ह्यात तुजी आय हाय ना? मग पयलं पानी तिला.’

जाळीतून पाणी आत गेलं. चर्र आवाज झाला, गाणं तुटलं आणि जळका वास सुटला. बाबांनी डोळे मिटून हात जोडले.

मी जंग जंग पछाडलं. हार्ड डिस्कचा बोर्ड काळा पडला होता. तसाच दुसरा शोधून लावला, तर आतून नुसतं टक टक. मुंबईला एका दुकानात नेली. त्यांनी उघडून पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली. एवढं करून बाबांवर रागावताही येईना. त्यांनी सणाच्या दिवशी बायकोला पाणी पाजलं होतं, त्यांच्यावर कसलं चिडायचं? चिडायला कुणीच नव्हतं, याचीच जास्त चीड यायची.

आवाज कायमचा गेला हे त्यांना कसं सांगावं, या विचाराने मी सुकून गेलो होतो. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, ‘नको रे धडपडू. पानी घेतलंन नि निवली ती. आता कशाला हाका मारायच्या?’

पुढे प्रवाशांनाही ते हेच सांगायचे. म्हातारी माणसं ‘बरं झालं, सुटली’ म्हणायची, आणि बाबांचा चेहरा खरोखर शांत असायचा. मी शेजारी बसून ऐकायचो. मला तसली शांती कधी मिळाली नाही. ते गाणं मला शब्दन्‌शब्द येतं, कुठे थांबायचं तेही येतं. पण तिचा आवाज कसा होता, ते आता मला आठवत नाही. बाबा होते तोवर हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही.