मामंजींसमोर विकतच्या नानरोट्या

लग्नानंतर नगरला सावेडीत आम्ही एक खोली घेऊन राहत होतो. एका सकाळी स्टोव्ह भडकला आणि माझा उजवा हात भाजला. नेमके त्याच दुपारी नेवाशाहून सासरे जेवायला येणार होते. हे कामावर गेलेले. एका हातानं भाकरी थापायची कशी?

शेजारच्या भाभी म्हणाल्या, "बेकरीतून नानरोट्या आणून देते. तू नुसती फोडणी दे."

माझ्या जिवाला घोर लागला. मामंजींनी विकतची रोटी कधी खाल्ली नव्हती. सुनेला साधी भाकरी होत नाही, असं गावभर झालं तर? तरीही डाव्या हातानं दोन रोट्यांचे तुकडे करून कांदा-मिरचीवर परतले. एक गूळतूप घालून कुस्करली. बाकीच्यांचे तुकडे आमटीत सोडले.

मामंजी पानावर बसले. मी पट्टी पदराखाली झाकून उभी राहिले. आमटीतला तुकडा ते बराच वेळ चघळत होते.

"हे इकतचं हाय का?"

"हो. हात भाजलाय, मामंजी."

त्यांनी हात पुढे करायला लावला, पट्टी पाहिली. "मग सांगायचं न्हाई व्हय? जेवूनच आलो असतो."

मी हात पुन्हा पदराखाली घेतला. त्यांनी वाटी पुढं सरकवली.

"भाकर चावत न्हाई आता मला. ही लई मऊ हाय. वाढ अजून."

निघताना त्यांनी भाभींना बेकरीचा रस्ता विचारला.