रिकामी फळी

पांढुर्ण्यात आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. खोली एकच, पण संत्र्याच्या रिकाम्या पेट्या भिंतीला ठोकून त्यांनी फळ्या केल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून खुंट्यांना टांगल्या होत्या. माझ्याकडे आल्या की बोलता बोलता माझेही डबे नीट लावायच्या.

"किती पसारा करून ठेवता, वहिनी!"

त्यांची एकुलती मुलगी तापाने गेली. महिन्याभराने मी गेले, तर त्या तिचे फ्रॉक आणि पाटी गाठोड्यात बांधत होत्या.

"हे काय करून राहिल्या, ताई?"

"कोणाच्या तरी पोरीले देऊन टाका."

गाठोडं माझ्या हातात देऊन त्यांनी रिकामी फळी पुसली आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

"आता इथं काय ठेवू, वहिनी?"