हिरडीतला जंतू आणि जत्रेतला बैल

आई रोज सकाळी चुलीपुढे बसून दातांना मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची. हिरडीतून रक्त आलं तर तिथे ब्रश लावायचा नाही, मशेरीच जरा जास्त चोळायची, ही आमच्या टोकावड्याकडची रीत. गेल्या वर्षी तिचे खालचे दोन दात हलायला लागले. भाकरी ती चहात कुस्करून खाऊ लागली. मुरबाडला दातांचा दवाखाना आहे, पण तिचं एकच, "साफ करायला गेलं का हायेत तेपण दात पडतात."

मी मुरबाडलाच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही.

तेव्हाच वर्गात हिरड्यांच्या आजाराचा एक जंतू शिकवला. तो निरोगी तोंडातही थोडासा असू शकतो, आणि गप्प राहतो. हिरडी सुजून रक्त झिरपलं की रक्तातलं लोह त्याला मिळतं. मग त्याची काही जनुकं चालू होतात, काही बंद, आणि तो हिरडी कुरतडायला लागतो. त्याने आणखी रक्त येतं. जंतू तोच, वागणूक वेगळी! सर म्हणाले, हे फार सोपं करून सांगितलंय. तरी मला दिवसभर दुसरं काही सुचेना.

संध्याकाळी मी आईला अडखळत सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे आपल्या बैलासारखा," ती म्हणाली. "गोठ्यात गरीब, अन म्हसा गावच्या जत्रेत ढोल ऐकून दावं तोडून पळाला."

"हो, तसंच काहीसं. पण आई, मशेरी चोळून तू रोज तोंडात जत्रा भरवतेस."

"लई शानी झालीस गो!" ती हसली. मग थोड्या वेळाने, सूप खाली ठेवत, "साफ केल्यावर दात राहतील ना?"

"नक्की सांगता येत नाही. पण असंच ठेवलं तर जातील."

पुढच्या सोमवारी आम्ही एसटीने गेलो. डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांखालचा थर खरवडून काढला. एक दात राहील म्हणाल्या, दुसऱ्याचं बघू. मशेरी मात्र बंद.

परतताना आई बराच वेळ रुमाल तोंडाला धरून बसली होती. टोकावडे जवळ आल्यावर रुमाल काढून म्हणाली, "बांधला का गो बैल?"

"बांधलाय. पण गोठ्यातच आहे तो."

तिने जिभेने हलता दात चाचपून पाहिला.




मशेरीची डबी अजून चुलीशेजारीच आहे. सकाळी आई ती उघडते, वास घेते, आणि झाकण लावते.