जावयाच्या बिअरमधलं लोणी

रदोमीर श्पाचेकच्या हातांना बसचं कुठलंही इंजिन वश व्हायचं, पण धीर म्हणाल तर औषधालाही नाही. नऊ वर्षं तो घरच्या तळघरात बिअर करत होता आणि नऊ वर्षं सासऱ्यापुढे त्याचं नाक कापलं जात होतं. सासरा आलोइस गावातल्याच भट्टीत चाळीस वर्षं बिअर मुरवून निवृत्त झालेला. तो एक घोट घ्यायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "जावईबापू, लोणी आलं. पाव कुठाय?" मग ग्लासाखालचा गोल पुठ्ठा उचलून ग्लासावर झाकायचा. पुठ्ठा वर गेला की त्या ग्लासात पुन्हा ओतायचं नसतं.

दोष घाईचा होता. फसफसणं पुरतं संपायच्या आतच रदोमीर बिअर गार पिंपात मुरायला घालायचा. यीस्टचं काम अर्धवट राहायचं आणि बिअर लोण्याचा वास धरायची. मग ती कितीही मुरवा, वास हटत नसे. हे सगळं त्याला पाठ होतं, फक्त हात आवरत नव्हते.

यंदा मार्चअखेरीस आलोइसचा ऐंशीवा वाढदिवस होता. म्हाताऱ्याने एकदा, एकदाच, आपला ग्लास रिकामा करावा, एवढंच रदोमीरला हवं होतं. जानेवारीत यीस्ट टाकून त्याने हिशेब बसवला: दहा दिवस फसफसणं, आठ आठवडे मुरणं. तळघराची किल्ली मात्र आपण होऊन बायकोच्या हवाली केली. क्वेता आलोइसची लेक, नाक थेट बापाचं.

दहाव्या दिवशी फेस बसला. रदोमीरला हर्षवायू व्हायचा बाकी होता. क्वेताने पेलाभर बिअर काढली, लपलेला वास वर यावा म्हणून पेला गरम पाण्यात धरला आणि हुंगला.

"लोणी," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी लोणी, बाराव्या दिवशी लोणी. रदोमीर येरझाऱ्या घालत होता. मुरायला दिवस कमी पडतील, बिअर गढूळ राहील, म्हणून तो कावला.

"गढूळ असली तर बाबा डोळे मिटून पितील," क्वेता म्हणाली. "नाक कसं मिटणार?"

तिने पिंप वर उबदार घरात आणायला लावलं. ऊब लागली की यीस्ट उरलंसुरलं काम उरकतं, हे तिने लहानपणी बापाच्या तोंडून ऐकलेलं. सोळाव्या दिवशी तिने पेला हुंगला, पुन्हा हुंगला आणि होकारार्थी मान हलवली. लोण्याचा वास उरला नव्हता. रदोमीरने तिला पिंपासकट मिठी मारली, पिंप खाली नेताना तळघराच्या चौकटीवर डोकं आपटलं, आणि तरी तो हसतच होता. मुरायला आता सातच आठवडे उरले होते.

वाढदिवसाला पहिला ग्लास त्याने स्वतः भरला. आलोइसने ग्लास खिडकीकडे धरला आणि जरा गढूळ असल्याचं सांगितलं. मग एक घोट घेतला, मिशा पुसल्या.

पावाचं नाव निघालं नाही. दुसरा घोट गेला, तिसरा गेला. ग्लास तळापर्यंत रिकामा झाला आणि म्हाताऱ्याने पुठ्ठा उचलला.

आलोइसने पुठ्ठा कोटाच्या खिशात घातला आणि ग्लास पुढे सरकवला.

"भर," तो म्हणाला.