घळीतला जाळ आणि गॅव्हिन हॅडो

गॅव्हिन हॅडो कॅलगरीजवळच्या टर्नर व्हॅली नावाच्या दरीत आला तो तेल काढायला नव्हे, तेल निघतंय असं दाखवायला.

१९१४ साली इथल्या एका विहिरीला तेल लागलं आणि बघता बघता कॅलगरी शहरात शेकड्यांनी कंपन्या उभ्या राहिल्या. कंपनी काढायला विहीर लागत नाही. भाड्याची खोली, दारावर सोनेरी अक्षरं आणि छापलेले शेअर एवढ्यावर भागतं. त्यांतल्याच ‘ग्रेट क्राउन ऑइल’ नावाच्या कंपनीने दरीत विहीर खणायचा एक लाकडी मनोरा उभारला होता, शेजारी एक बॉयलर. मनोऱ्याखाली कुदळीने खणलेला कमरेइतका खड्डा होता, बस्स. भागधारकांच्या मोटारी धुरळा उडवत येताना दिसल्या, की हॅडोने बॉयलरखाली ओली लाकडं सारायची. धूर झकास निघे. कुणी विचारलंच, “काय रे, खाली काही लागलं का?” तर टोपी काढून म्हणायचं, “लागेल साहेब. आता खडक मऊ आलाय.” स्कॉटलंडमधल्या मेंढपाळाच्या या मुलाला एवढे दोनच संवाद पाठ करायचे होते आणि त्याचा त्याला पगार होता.

महायुद्ध सुरू झालं, मोटारी यायच्या थांबल्या आणि कंपनीबरोबर तिची सोनेरी अक्षरंही गेली. हॅडो पुढे गुत्त्यात बसला की सांगायचा, “जन्मात मी स्वतःच्या हाताने एकच विहीर खणली आणि तिला पाणीसुद्धा लागलं नाही.”

त्याची दुसरी कंपनी प्रामाणिक होती, म्हणून लवकर बुडाली. तिसरी ‘फोर विंड्स पेट्रोलियम’. तिने खरोखर खोल जाऊन पाहिलं. तेल थोडं आणि गॅस अफाट. त्या गॅसमधून पेट्रोलसारखं पातळ तेल गाळून घेतलं, की उरलेल्या गॅसला गिऱ्हाईक नव्हतं. शहराला नळाने जाई तो चिमूटभर. बाकीचा एका जाड नळीने जवळच्या खोल घळीच्या तळाशी नेऊन सोडायचा आणि पेटवून द्यायचा. सगळ्याच कंपन्या तसं करत. कोट्यवधींचा माल असा जळत होता, पण ज्याला बाजार नाही तो माल नव्हे, कचरा, असा त्या काळचा व्यवहार होता.

हा जाळ विझू न देणं हे हॅडोचं काम. लोक त्याला जाळवाला म्हणत.

घळीच्या काठावरच त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे रात्र अशी होतच नसे. त्याची बायको इसोबेल भर जानेवारीत बाहेर कपडे वाळत घाली आणि तिच्या कोंबड्यांना दिवस संपल्याचं कधी कळत नसल्याने त्या बारमाही अंडी देत. दरीत घरोघरी गॅस फुकट होता, काड्यापेटी मात्र विकत. म्हणून शेगडी कुणी विझवतच नसे. इसोबेलची शेगडी एकदा पेटवली ती सहा वर्षं तशीच जळत होती. आपली चार वर्षं झाली, आपली पाच, असं बायका एकमेकींना सांगत.

गॅसला कुजक्या अंड्यांचा वास होता. नव्या माणसाला मळमळे, जुन्याला तो जाणवतही नसे. पण या वासाची एक खोड होती. गॅस थोडा असला तर नाक धरावं लागे, फार झाला तर नाकच मरे आणि माणसाला वाटे, आज हवा छान आहे. त्या छान हवेत दोनचार श्वास घेतले, की माणूस खाली बसे आणि पुन्हा उठत नसे. नळीतून जोराने सुटणारा गॅस इतका गार असे, की हातभर अंतरावर जाळ गर्जत असताना नळीच्या तोंडाला पांढरं बर्फ धरे. जाळ विझला तर हा गार, जड गॅस घळीच्या तळाने सरपटत खाली कामगारांच्या वस्तीकडे निघे. म्हणून कंपनीचा नियम एकच होता: जाळ विझला, की आधी पेटवायचा, बाकी सगळं मागाहून.

जाळाच्या जवळ जाता येत नसे. हॅडो लहानपणी मेंढ्यांमागे गोफण चालवायचा, तीच विद्या इथे कामी आली. लोखंडी नटाला गोणपाट गुंडाळायचं, तेलात बुडवून पेटवायचं आणि गोफणीने काठावरून नळीच्या तोंडावर भिरकवायचं. त्याचा नेम सहसा चुकत नसे.

मग मंदीची वर्षं आली. मालगाड्यांवर बसून गावोगाव काम शोधणारी माणसं दरीत उतरू लागली. काम नव्हतंच, पण घळीत ऊब होती. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठे, तेव्हा घळीत गवत हिरवं असे. सातआठ जण तरी तिथे कायम झोपलेले असत. त्यांचाही एक रिवाज होता. जो सगळ्यांत जुना, त्याची जागा सगळ्यांत खाली, जाळासमोर. नवा आला की काठाजवळच्या कपारीत पडायचं आणि खालचा माणूस कामाला लागला किंवा मेला, की एक जागा खाली सरकायचं.

त्या हिवाळ्यात तळाची जागा ओनुफ्रीकडे होती. युक्रेनहून शेती करायला आलेला हा थोराड माणूस. जमीन गेली, बायको गेली, मिशा तेवढ्या राहिल्या होत्या. इसोबेलने दिलेलं शिळं पाव-सूप घेताना तो तिला ऐकवायचा, “बाई, मीठ कमी.”

“फुकटचं खातोस आणि वर मीठ कमी?”

“फुकटचं आहे म्हणून तर सांगतो. विकतचं असतं तर गपगुमान गिळलं असतं.”

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पश्चिमेचा वारा सुटला. या वाऱ्याला इथे चिनूक म्हणतात. डोंगरावरून तो उबदार येतो, पण येतो तो घरांची छपरं हलवत. हॅडो आणि इसोबेल ओटचं खिमट खात बसले होते. एकाएकी जाळाचा आवाज बदलला. गर्जना तुटली आणि नुसती शिट्टी उरली. दोघांनीही चमचे खाली ठेवले.

“गेला,” इसोबेल म्हणाली.

हॅडो गोफण आणि गोणपाटाचा डबा घेऊन काठावर पोचला. उजेड नुकताच झाला होता. खाली माणसं अंगाची मुटकुळी करून झोपलेली. त्याने हाका मारल्या, पण शिट्टीपुढे त्या त्याच्याच कानांपर्यंत पोचेनात. आत्ता पेटवावं, तर जिथवर गॅस पसरला होता तिथवर सगळं एका भडक्यात जळणार, माणसांसकट. न पेटवावं, तर ती झोपेतच जाणार.

त्याने नट बाजूला टाकला, गोफणीत ढेकूळ घातलं आणि वरच्या कपारीतल्या पहिल्याच माणसाच्या पाठीत हाणलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या.

“अरे ए म्हाताऱ्या, डोकं फिरलं काय तुझं?” एक लांबुडका पोरगेलासा गडी तोंडाला येईल ते बोलत वर चढू लागला. त्याच्यामागे बाकीचे. हॅडो थांबेना, मारतच राहिला. वर पोचल्यावर त्या गड्याने त्याची कॉलर धरली.

“धर, पण आधी मागे बघ,” हॅडो म्हणाला.

गड्याने मागे पाहिलं. जाळ नव्हता. त्याचा हात आपोआप सुटला.

सगळे वर आले. ओनुफ्री तेवढा आला नाही. जुना माणूस, सगळ्यांत खाली. हॅडोने त्याच्या पायावर, कुल्ल्यावर ढेकळं मारली. तो हलला नाही.

तेवढ्यात मोटार येऊन थांबली आणि विहिरींवरचा साहेब क्रँडल धावत आला. हा अमेरिकन. बाराव्या वर्षापासून तेलाच्या विहिरींवर वाढलेला.

“हॅडो! पेटव! कशाची वाट बघतोस?”

“खाली माणूस आहे, साहेब.”

“कसला माणूस?”

“ओनुफ्री.”

“जिवंत आहे?”

“ठाऊक नाही.”

“ठाऊक नाही!” क्रँडलने खालच्या वस्तीकडे हात केला. “तिकडे घराघरांत शेगड्या पेटलेल्या आहेत, ते ठाऊक आहे ना? बायकापोरं आहेत. हा गॅस तिथवर गेला तर? पेटव म्हणतो ना!”

हिशेबाने क्रँडलचं चुकत नव्हतं. एका बाजूला अख्खी वस्ती, दुसऱ्या बाजूला बहुधा मेलेला एक माणूस. हॅडोलाही हा हिशेब कळत होता. त्याने नट गोणपाटात बांधला, तेलात बुडवला, गोफण क्रँडलच्या हातात दिली आणि काड्यापेटीही दिली.

“मग तुम्ही मारा, साहेब. मी खाली चाललो.”

“हॅडो, मूर्खा—”

त्या लांबुडक्या गड्याकडे गाठोडं बांधायची दोरी होती. त्याने ती हॅडोच्या कमरेला गुंडाळली. हॅडोने छाती भरून श्वास घेतला आणि तो वाऱ्याच्या बाजूने उतरला. क्रँडल काठावर उभाच राहिला, एका हातात गोफण आणि दुसऱ्या हातात काड्यापेटी. काडी त्याने ओढली नाही.

तळाशी पोचेतो हॅडोचे डोळे जळू लागले. ओनुफ्रीच्या काखेत हात घालून त्याने त्याला उचललं, तर तो धान्याच्या पोत्यासारखा जड. अर्ध्या वाटेत एक श्वास घ्यावाच लागला. हवा छान लागली, वास अजिबात नाही. त्यावरूनच त्याला कळलं, की दुसरा श्वास घ्यायचा नाही. वरच्यांनी दोरी ओढली आणि दोघे खरवडत, ठेचकाळत वर आले.

हॅडो हातागुडघ्यांवर ओणवा होऊन ओकत होता. त्याला दिसत नव्हतं. “आता मारा, साहेब,” तेवढं तो म्हणाला. क्रँडलने पेटवून गोफण फिरवली. पहिला गोळा बर्फात पडला. दुसरा स्वतःच्याच मोटारीजवळ. तिसरा बसला. धडाम आवाज झाला, घळ एका क्षणात भरून पेटली आणि काठावरच्या सगळ्यांच्या भुवया गेल्या.

वस्ती वाचली. इसोबेलने आपली सहा वर्षांची शेगडी बंद केली होती आणि ती दारोदार ओरडत फिरली होती. ती परत आली तेव्हा संतापलेली होती. “अर्ध्याअधिक बायांनी विचारलं, पुन्हा पेटवायला काड्या कोण देणार!”

ओनुफ्री जगला. दोघांनाही हॅडोच्या स्वयंपाकघरात डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून शेजारी शेजारी झोपवलं होतं. गॅस लागलेल्या डोळ्यांना दरीत हाच इलाज.

“माझे बूट कुठायत?” ओनुफ्रीने शुद्धीवर आल्यावर विचारलं.

“खाली राहिले. जळाले.”

“अरे देवा. एवढं ओढत आणलंस, तर बूटही आणायचेस.”

“पुढच्या वेळी आधी बूट आणीन.”

क्रँडल तिसऱ्या दिवशी आला. भुवया नसल्याने त्याचा चेहरा कायम चकित दिसत होता. तो बसला नाही. “कॅलगरीच्या डायरेक्टरांना मी सांगितलंय, जाळ विझला आणि पेटवला. बाकी काही सांगितलेलं नाही. पण ऐक हॅडो, यापुढे घळीत माणूस दिसता कामा नये. मी रोज रस्त्यावरून जातो. एक जरी दिसला, तर तुझी नोकरी आणि हे घर, दोन्ही जाईल.”

“बाहेर गारठून मरतील ते, साहेब.”

“आत जळून मरण्यापेक्षा बरं. निदान माझ्या जाळाने नाही.”

तो गेल्यावर इसोबेलने दार लावून घेतलं. तिच्यापुढे घर होतं, वय होतं आणि दुसरीकडे काम मिळायचं नव्हतं. “तू काय करणार?” एवढंच तिने विचारलं.

“माणसं हाकलणार,” हॅडो म्हणाला.

डोळे बरे झाल्यावर तो मोटारीच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि घळीकडे बघत राहिला. रस्त्यावरून घळीचा तळ लख्ख दिसत होता. काठाखालच्या कपारी मात्र अजिबात दिसत नव्हत्या. तिथे ऊब कमी होती, पण मरणाची थंडी नव्हती आणि गॅसही तिथे उशिरा पोचणार होता. संध्याकाळी त्याने सगळ्यांना गोळा केलं. तळाला कुणी झोपायचं नाही, आळीपाळीने एकाने जागं राहायचं, आणि वारा सुटला की त्याने बाकीच्यांना लाथ घालून उठवायचं.

नवे लगेच कबूल झाले, त्यांचं काही जात नव्हतं. ओनुफ्री भडकला.

“दोन हिवाळे मी वरून खाली सरकत आलो! तिथे माझी जागा आहे. या कालच्या पोरांच्या शेजारी मी कपारीत पडू?”

“तिथेच मरत होतास.”

“माझ्या जागेवर मरत होतो!”

“मग ती जागा तुझीच राहिली,” हॅडो म्हणाला. “तू तिथे झोपायचं नाहीस, आणि दुसरंही कुणी नाही.”

ओनुफ्रीने थोडा विचार केला. दुसरं कुणी नाही, ही गोष्ट त्याला पटलेली दिसली. इसोबेलने दिलेले हॅडोचे जुने बूट त्याने घट्ट आवळले आणि कुरकुरत वर चढून सगळ्यांत रुंद कपार धरली.

हे असं तीन हिवाळे चाललं. या तीन हिवाळ्यांत जाळ पुन्हा दोनदा विझला आणि दोन्ही वेळा माणसं हॅडोच्या आधी काठावर उभी होती. पुढे गॅसची नासाडी थांबवायला सरकारने मंडळ नेमलं, जाळ बारीक झाले आणि फोर विंड्स दुसऱ्या मोठ्या कंपनीत विरून गेली. हॅडोला झडपा राखायचं काम मिळालं. ओनुफ्री एका रँचवर घोड्यांकडे लागला.

त्या तीन हिवाळ्यांत क्रँडल रोज सकाळी घळीपाशी मोटार थांबवायचा. रिकाम्या तळाकडे बघायचा. कपारीतून कधी खोकण्याचा आवाज यायचा, कधी तंबाखूचा धूर वर चढायचा. “घळ रिकामी आहे ना, हॅडो?” तो काच खाली करून विचारायचा. “दिसतेच आहे, साहेब,” हॅडो म्हणायचा. मग क्रँडल काच वर करायचा. मोटारीतून खाली मात्र तो कधी उतरला नाही.